हातात राजा-राणी अन् समोरून तीन बदाम!

मैत्रिणींनो, पत्ते म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर ऊन मी मी म्हणत असताना, पडवीत रंगलेला पोरासोरांचा बदाम सात नाही तर मेंढीकोट. आणि दुसरी म्हणजे पैसे लावून बसणारी पुरुषमंडळी, ज्यांचं नाव निघालं तरी घरातल्या बायांच्या कपाळाला आठ्या पडतात. हरतालिकेच्या जागरणाला फुगड्या घालून दमल्यावर आपणही पत्त्यांचा कॅट काढतोच की! पण पत्त्यांवर एखाद्या बाईचं आयुष्य उभं राहिलं, तिनं जगभर नाव कमावलं, असं ऐकलंय का कधी? आज अशाच एका बाईची गोष्ट सांगते. जोसेफिन कल्बर्टसन तिचं नाव. खेळ ब्रिज, आणि गाव न्यूयॉर्क.

आता म्हणाल, कुठं आपलं खामगाव-मेहकर आणि कुठं न्यूयॉर्क! पण ब्रिज आपल्याकडेही होता बरं का. बदलीच्या नोकरीतले साहेब लोक संध्याकाळी क्लबात बसून खेळायचे. माझे सासरे त्यातलेच. बुलढाण्याला नोकरीत असताना शिकले आणि निवृत्तीनंतर तो खेळ घरी घेऊन आले. चौथा भिडू मिळाला नाही की सुनेला हाक. पोळ्या झाल्या की मी हात धुऊन बसायची. कल्बर्टसन हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं, पण ते नवऱ्याचं होतं, एली कल्बर्टसनचं. बायकोही तितकीच तोलामोलाची होती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं.

आधी खेळ थोडा समजून घेऊ, म्हणजे तिची गंमत कळेल. मेंढीकोट येतो ना? मग अर्धा ब्रिज आलाच म्हणायचा. चौघं जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. उतारी होते, त्याच रंगाचं पान टाकायचं, नसलं तर हुकमानं मारायचं, आणि हात गोळा करायचे. फरक एवढाच, की हुकूम कोणता आणि आपण किती हात करणार, हे खेळ सुरू व्हायच्या आधी बोली लावून ठरवायचं. जजमेंटमध्ये सांगतो तसंच, पण इथं लिलावासारखी चढत्या भाजणीनं. पहिले सहा हात धरलेलेच असतात. त्यामुळे एक बदाम म्हणजे हुकूम बदाम आणि हात सात. तीन बदाम म्हणजे हात नऊ. रंगांचीही पायरी ठरलेली आहे: सगळ्यात खाली किलवर, मग चौकट, मग बदाम, मग इस्पिक, आणि सगळ्यांच्या वर नो-ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाचा डाव. चार इस्पिक बोलून दहा हात केले की घसघशीत बक्षीस मिळतं. बोललो तितके झाले नाहीत तर दंड.

खरी मेख बोलीतच आहे. भिडूला डोळा मारायचा नाही, खोकायचं नाही, पाय लावायचा नाही. माझ्याकडे काय आहे ते फक्त बोलीतूनच सांगायचं. आणि समोरचे दोघं ते सांगू देत नाहीत!

समजा, तुम्ही पानं उचललीत. इस्पिकची चार, त्यात एक्का आणि राजा. चौकटची चार, त्यात राजा-राणी. किलवरची चार, त्यात एक्का. बदामाचं एकुलतं एक. पान लागलंय झकास! आता निवांत एकानं सुरुवात करू, भिडूचं ऐकू, मग वर चढू, असा तुमचा बेत. तेवढ्यात तुमच्या उजव्या हाताचा गडी तुमच्याआधीच बोलून मोकळा होतो... तीन बदाम! त्याच्याकडे काय असतं म्हणाल? बदामाची सात पानं, वर एखादी राणी-गुलामाची जोडी, बाकी सगळा भुस्सा. नऊ हात होण्याची त्याला स्वतःलाच खात्री नसते. पण त्यानं एकदम तिसऱ्या मजल्यावर उडी मारून खालच्या सगळ्या पायऱ्या काढून घेतल्या. आता तुम्हाला बोलायचं तर तीन इस्पिक, नाही तर थेट चौथ्या पायरीवर जायचं. भिडूकडे काय आहे ते अजून कळलेलंच नाही. गप्प बसावं तर एवढी चांगली पानं वाया जातात. बोलावं तर तोंडघशी पडायची भीती.

हलक्या पानांवर मोठ्यानं बोलून दुसऱ्याची जागा खायची, ही युक्ती कोणाला नवी वाटेल? आमच्याकडे लग्नाच्या याद्या करायला माणसं बसतात तेव्हा मी ती पुष्कळदा पाहिली आहे.

यावर उपाय आहे, आणि तो मोठा सुंदर आहे. तुम्ही म्हणायचं, डबल. वरवर पाहिलं तर त्याचा अर्थ होतो, करून दाखव तुझे नऊ हात, नाही झाले तर दंड दुप्पट. पण भिडूनं तो तसा घ्यायचा नसतो. भिडूला त्यातून निरोप जातो, की बाई गं, माझ्याकडे ताकद आहे, बदाम सोडून बाकी तिन्ही रंग मला चालतात, तुझा लांब रंग कोणता तेवढं सांग. म्हणजे स्वतःचा हेका न धरता ताकद जाहीर करायची आणि रंग निवडायचं काम जोडीदारावर सोपवायचं. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत ही रीत निघाली, आणि ब्रिजच्या इतिहासात इतकी कामाची दुसरी बोली मला तरी सापडत नाही. भिडूकडे इस्पिकची पाच पानं निघाली आणि थोडीफार ताकद असली, तर तो उडी मारून चार इस्पिक बोलतो, आणि तीन बदामवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं!

अर्थात प्रत्येक वेळी डबलच करायचा असं नाही. तुमच्याकडे एकच रंग सहा-सात पानांचा घसघशीत असेल तर सरळ तोच बोला. बदामाचा एक्का आणि आणखी एखादं अडवणारं चित्र हातात असेल आणि बाकीच्या रंगांतही दम असेल, तर तीन नो-ट्रम्प बोलून मोकळं व्हा. बदामाची लांबी तुमच्याकडेच असेल तर गुपचूप पास म्हणा, त्याची फजिती आपोआप होते. आणि एक हिशेब मनात ठेवायचा. भिडूकडे मध्यम पानं असतील असं धरून बोलायचं. तो पार रिकामा असेल असं समजून भिऊन बसायचं नाही, आणि त्याच्याकडे घबाड आहे असंही धरायचं नाही. भिडूनंही ध्यानात ठेवायचं, की आपल्या जोडीदारानं आपल्या वाट्याची मध्यम पानं आधीच मोजून घेतली आहेत. तीच पुन्हा मोजून वर चढू नये.

तर अशा या खेळात जोसेफिन मुरलेली होती. तिचा जन्म २ फेब्रुवारी १८९८ चा, न्यूयॉर्कच्या बेसाइड भागातला. माहेरचं नाव मर्फी. पहिलं लग्न झालं आणि नवरा लवकरच गेला. तेव्हा ब्रिजचा जुना प्रकार चालायचा, ऑक्शन ब्रिज. विल्बर व्हाइटहेड या त्या काळच्या नामांकित जाणकाराच्या हाताखाली ती तयार झाली आणि थोड्याच दिवसांत स्वतः शिकवायला लागली. शहरातल्या बड्या घरच्या बाया तिच्याकडे शिकायच्या. म्हणजे वयाची पंचविशी गाठायच्या आधी ही विधवा बाई स्वतःच्या कमाईवर ताठ उभी होती.

निकरबॉकर व्हिस्ट क्लबात तिला एली कल्बर्टसन भेटला. त्याची कहाणी म्हणजे एखाद्या कादंबरीसारखीच. १८९१ साली रुमानियात जन्म, बाप अमेरिकन, आई रशियन. क्रांतीत रशियातली सगळी संपत्ती गेली. मग हा गडी पत्त्यांवर पोट भरत अमेरिकेत आलेला. खिसा फाटका, डोक्यात मात्र कल्पनांचं वारूळ. १९२३ साली दोघांनी लग्न केलं. तेव्हा नाव होतं ते तिचं, आणि शिकवण्याचं उत्पन्नही तिचंच. पुढे १९४० साली एलीनं जाडजूड आत्मचरित्र लिहिलं. या संसाराची गोष्ट आपल्याला बरीचशी त्याच्याच लेखणीतून कळते, तेव्हा मी ती जरा चाळून घेते.

१९२५ च्या शरद ऋतूत हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या कोट्यधीशानं पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर ब्रिजचे गुण मोजायची नवी पद्धत बसवली, आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज जन्माला आला. जेवढं बोललात तेवढ्याचंच बक्षीस. म्हणजे बोलीला एकदम सोन्याचा भाव! एलीनं ते बरोबर हेरलं. नवरा-बायकोनं मिळून बोलीची एक पद्धत बांधली. १९२८ साली मुलगी झाली, १९२९ साली मुलगा, आणि त्याच १९२९ च्या ऑक्टोबरात मासिक सुरू झालं, द ब्रिज वर्ल्ड. नेमका त्याच महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. पण झालं उलटंच. नाटक-सिनेमाला पैसे नाहीत, तर घरबसल्या पत्ते खेळू, असं म्हणत लोक ब्रिजकडे वळले. १९३० साली एलीचं ब्लू बुक निघालं आणि हातोहात खपलं. त्याच वर्षी हे दोघं, थिओडोर लाइटनर आणि वॉल्डेमार फॉन झेडविट्झ असा चौघांचा संघ लंडनला गेला. तिकडच्या कर्नल बुलरचं मत असं, की पद्धत-बिद्धत काही लागत नाही, अक्कल पुरे. दोनशे डाव झाले आणि कर्नलसाहेबांचा संघ हरला. चौघांत एक बाई, आणि तीही शोभेची नाही, हे तिकडच्या लोकांना नवलच होतं.

याच काळात एक भयंकर गोष्ट घडली. २९ सप्टेंबर १९२९, रविवारची रात्र. कॅन्सस सिटीत बेनेट नावाचं जोडपं शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होतं. नवऱ्यानं एक इस्पिक बोलून सुरुवात केली, आणि ती हलक्या पानांवर केली असं पुढे सांगितलं गेलं. बायकोनं त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून चार इस्पिकपर्यंत नेलं. डाव बुडाला. शब्दाला शब्द वाढला, नवऱ्यानं सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. थोड्या वेळानं तिनं पिस्तूल आणून त्याला गोळ्या घातल्या. तो मेला. १९३१ साली खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. वर्तमानपत्रांत त्या डावाची म्हणून जी पानं छापली गेली, ती खरी की मागाहून रचलेली, याची जाणकारांना आजही शंका आहे. एलीनं मात्र त्या डावाचं विश्लेषण करून आपल्या पद्धतीची जाहिरात करून घेतली. मला तो प्रकार मुळीच आवडलेला नाही. माणूस मेला, एका बाईचा संसार उद्ध्वस्त झाला, आणि ह्यानं त्यात बोलीचा धडा शोधला! पण त्या बातमीनं हजारो घरांत एक गोष्ट उघड बोलली गेली, हे खरं. टेबलावर नवरे बायकांना किती टाकून बोलतात ती गोष्ट.

आणि इथंच जोसेफिनचं वेगळेपण लोकांच्या नजरेत भरलं. एली स्वतः तोंडाचा फटकळ, नाटकी, सतत लोकांचं लक्ष आपल्याकडे ओढणारा. ती समोर शांत बसलेली, नीटनेटकी, डाव बुडाला तरी चेहरा तसाच. नवरा-बायको भिडू म्हणून सुखानं खेळू शकतात, टेबलावर बाई पुरुषाच्या बरोबरीची असते, हा मुद्दा एली प्रचारात मुद्दाम पुढे करायचा. तो खरा ठरवायचा भार मात्र तिच्यावर होता.

त्याची परीक्षा ७ डिसेंबर १९३१ ला सुरू झाली. सिडनी लेन्झ हा जुन्या पठडीतला मोठा खेळाडू. हौसेनं जादूचे प्रयोग करायचा, आणि हातात अशी सफाई असल्यामुळे पैसे लावून पत्ते खेळायचा नाही. त्यानं आणि इतर काही जाणकारांनी कल्बर्टसनच्या पद्धतीविरुद्ध दुसरी पद्धत काढली होती. एलीनं आव्हान दिलं. दीडशे रबर खेळायचे (रबर म्हणजे आपल्या भाषेत तीन डावांतली बाजी), एलीचे पाच हजार डॉलर विरुद्ध लेन्झचे एक हजार, आणि जिंकलेला पैसा दानधर्माला. सामना आधी चॅथम हॉटेलात आणि नंतर वॉल्डॉर्फ-अस्टोरियात झाला. पंच होता आल्फ्रेड ग्रुंथर नावाचा तरुण लष्करी अधिकारी, जो पुढे नाटोचा सरसेनापती झाला. वार्ताहर पडद्याच्या फटीतून डोकावून डाव बघायचे आणि तारेनं बातम्या जायच्या. क्रिकेटचा वर्ल्ड कप असावा तसं देश त्यावर बोलत होता.

लेन्झचा भिडू होता ओस्वाल्ड जेकोबी, विशीतला, अतिशय हुशार. त्याला हलक्या पानांवर धाडसी बोली लावायची भारी हौस. कधी तर हातात काहीच नसताना, निव्वळ समोरच्यांना चकवायला तो बोलायचा. एली उशिरा यायचा, टेबलावरच मांसाचा तुकडा मागवून खायचा, विचार करायला युगं लावायचा. लेन्झचं डोकं तापायचं ते अशानं. पण त्याच्या जोडीला खरा तडा गेला तो भिडूच्या बोलीनं. जेकोबीच्या हुलकावणीनं समोर बसलेली जोसेफिन फसण्याऐवजी त्याचा स्वतःचा भिडूच जास्त फसायला लागला. लेन्झनं त्याला बोल लावले आणि १०३ रबरांनंतर जेकोबी उठून गेला. त्याच्या जागी कमांडर लिगेट नावाचा निवृत्त नौदल अधिकारी बसला. जोसेफिननंही मध्ये विश्रांती घेतली, तेव्हा लाइटनर तिच्या जागी होता. घरी चार-पाच वर्षांच्या आतली दोन लेकरं, नाताळ तोंडावर आलेला, आणि रोज रात्री उशिरापर्यंत पत्ते. तिच्या घराचं तेव्हा काय होत असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ८ जानेवारी १९३२ ला सामना संपला. कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकले.

पुढचा मोठा सामना मला त्याहून मजेदार वाटतो, कारण तिथं दोन्ही बाजूंना नवरा-बायको. १९३५ साली हॅल सिम्स आणि डोरोथी सिम्स यांच्याशी पुन्हा दीडशे रबर. ही डोरोथी म्हणजे वल्लीच! तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यती जिंकलेली, अमेरिकेतल्या पहिल्या काही बाई वैमानिकांतली एक. ब्रिजमध्ये तिनं काय आणलं, तर हातात काही नसताना बोलायची कला. त्या थापेच्या बोलीला नाव आणि प्रसिद्धी तिनंच दिली. १९३२ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. तिच्यासमोर जोसेफिन. एकीची बोली ऐकून ती खरी की खोटी हे ब्रह्मदेवालाही कळू नये, आणि दुसरीची बोली म्हणजे तराजूत तोललेली. अशा खेळाडूपुढं तुमच्याकडे चांगली पानं असली तर दर वेळी प्रश्न पडतो, की ही खरंच बोलतेय की मला गप्प करायला? उत्तर एकच. तिच्या बोलीकडं नाही, आपल्या पानांकडं बघायचं. आपली ताकद भिडूला सांगायची, आणि मग त्याचं ऐकायचं. कल्बर्टसन १६,१३० गुणांनी जिंकले. अर्थात पानं कोणाला किती चांगली आली याचाही हिशेब त्यात असतोच, एकट्या बोलीची ती किमया नव्हे. पण एवढ्या लांबच्या सामन्यात दोन जोड्यांतला फरक दिसतोच.

१९३७ साली बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेच्या चौघांत दोन बाया होत्या, जोसेफिन आणि हेलन सोबेल. अंतिम सामन्यात ऑस्ट्रियानं त्यांना हरवलं. त्यानंतर एलीचं मन खेळातून उडालं. तो जागतिक शांततेच्या योजना आखू लागला, त्यावर लिहू-बोलू लागला.

आणि संसार? तो मोडला. आदर्श जोडी म्हणून ज्यांचे फोटो घराघरांत गेले होते, त्यांचा १९३८ साली घटस्फोट झाला. आत काय काय साठलं होतं ते बाहेर फारसं आलं नाही. एलीच्या तऱ्हेवाईक स्वभावाबद्दल त्यानं स्वतःच पुष्कळ लिहून ठेवलंय, तेवढं वाचलं तरी पंधरा वर्षं हिनं काढली कशी असं वाटतं. गंमत म्हणजे घटस्फोटानंतरही जोसेफिननं ब्रिज सोडला नाही. आडनाव कल्बर्टसनच ठेवलं, लिहिणं सुरू ठेवलं. त्या नावाला जी पत होती, ती उभी करण्यात तिचा वाटा काय होता हे तिला चांगलं ठाऊक असणार. एलीनं १९४७ साली दुसरं लग्न केलं.

बोलीच्या पद्धती नंतर बदलल्या. कल्बर्टसनांच्या काळी दोनाची पहिली बोली म्हणजे भरभक्कम हात असायचा. आता बहुतेक खेळाडू दोन बदाम, दोन इस्पिक हे सहा पानांच्या हलक्या हातावर बोलतात. म्हणजे समोरून येणारी हलकी बोली पूर्वीपेक्षा वाढलीच, आणि तिच्यावरचा तो डबलही.

२७ डिसेंबर १९५५ ला एली गेला. जेमतेम तीन महिन्यांनी, २३ मार्च १९५६ ला, जोसेफिनही गेली. वय होतं ५८. अमेरिकेच्या ब्रिज संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये एलीचं नाव १९६० च्या दशकातच लागलं. तिचंही लागलं, पण त्याला आणखी कितीतरी वर्षं जावी लागली.